धनु बटू दीर्घिकेतले तारकागुच्छ बाहेर पडले कसे?

शर्मिष्ठा

मेसिये ५४ हा गोलाकार तारकागुच्छ (ताऱ्यांचा घट्ट गोळा) चार्ल्स मेसियेनं १७७८ साली आपल्या यादीत घेतला. पुढची दोनशेहून जास्त वर्षं तो आपल्याच आकाशगंगेचा धरला जात होता. १९९४ मध्ये इबाटा, गिलमोर आणि अर्विन हे तिघे आकाशगंगेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. त्यात एक जथा असा निघाला की त्याचा वेग फुगवट्यातल्या बाकीच्या ताऱ्यांशी जुळेना. केंद्राच्या पलीकडे एक अख्खी बटू (म्हणजे लहान) दीर्घिका दडून बसली होती, आणि मेसिये ५४ नेमका तिच्या मध्यावर होता. आपल्यापासून साधारण ८७,००० प्रकाशवर्षं.

या धनु बटू दीर्घिकेच्या अंगाखांद्यावर आजही टर्झान ७, टर्झान ८ आणि आर्प २ हे तीन गुच्छ आहेत. पण पॅलोमार १२ आणि व्हायटिंग १ हे दोन गुच्छ तिच्यापासून आकाशात कुठल्या कुठे आहेत, तरी मूळचे तिचेच मानले जातात. धागा काढण्याचं कारण हेच. हे दोघे बाहेर आले कसे?

याबद्दल वाचताना बऱ्याच ठिकाणी 'आकाशगंगेनं हिसकावून घेतले' अशी भाषा दिसते. त्यातून डोळ्यांपुढे येतं ते काहीतरी जोरदार हिसक्याचं चित्र. मला ते पटत नाही. गुच्छाला कुणी ढकलावं लागत नाही. तो आपल्या जागी आपल्या गतीनं फिरत असतो, आणि बटू दीर्घिकेच्या सत्तेची हद्दच आक्रसत त्याच्या आत सरकते. काल तो हद्दीत होता, आज नाही. त्याचा स्वतःचा वेग फारसा बदललेलाही नसतो.

ही हद्द ठरते भरती-ओहोटीच्या बलानं. बटू दीर्घिकेची जी बाजू आकाशगंगेकडे आहे तिच्यावर ओढ जास्त, पलीकडच्या बाजूवर कमी. केंद्रापासून एका ठराविक अंतरापलीकडे हा फरक दीर्घिकेच्या स्वतःच्या पकडीवर मात करतो. ते अंतर म्हणजे हद्द. दीर्घिका लांबट कक्षेत फिरत असल्यानं आकाशगंगेजवळ आली की हद्द लहान होते, दूर गेली की पुन्हा वाढते. पण जवळच्या फेरीत जे द्रव्य गळालं ते परत येत नाही. म्हणून पुढच्या वेळी हद्द आणखी आत.

सगळ्यात आधी गळतं ते बाहेरचं कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं द्रव्य), कारण ते सर्वांत दूरवर पसरलेलं असतं. तारे आणि गुच्छ यांची पाळी बरीच उशिरा येते. बाहेरून पाहणाऱ्याला बटू दीर्घिका धडधाकट दिसत असते तेव्हा तिचं बहुतांश वस्तुमान गेलेलं असू शकतं.

बाहेर पडायच्या वाटा दोनच. एक आकाशगंगेच्या बाजूची, दुसरी नेमकी तिच्या उलट बाजूची. तिथे हद्द सगळ्यात 'पातळ' असते. आतल्या वाटेनं गेलेले तारे पुढे धावतात, बाहेरच्या वाटेनं गेलेले मागे रेंगाळतात. त्यांच्याच दोन शेपट्या होतात. पॅलोमार १२ आणि व्हायटिंग १ दोघेही मागच्या शेपटीत सापडतात.

जाणकारांनी भर घालावी.

सह्यकडा

वाचतोय. छान धागा. एक बाळबोध शंका: जे बल अख्ख्या दीर्घिकेचे लचके तोडतं, ते एवढ्याशा गुच्छाला का फोडत नाही? दीर्घिका तर त्याच्या हजारो पट मोठी.

शर्मिष्ठा

@सह्यकडा, मोठी आहे म्हणूनच फुटते. इथे वस्तुमानापेक्षा घनता बघायची. बटू दीर्घिकेचे तारे आणि कृष्णद्रव्य हजारो प्रकाशवर्षांत विखुरलेलं. गुच्छात मात्र लाखभर सूर्यांचं वस्तुमान काही दशक प्रकाशवर्षांत कोंबलेलं असतं. म्हणून दीर्घिका विरघळत असताना गुच्छ अखंड बाहेर येतो. दीर्घिकेच्या लेखी तो एका जड ताऱ्यासारखाच.

निवृत्त_गणितमास्तर

ताईंनी चित्र छान मांडलंय, मी आकडे घालतो. सूत्र सोपं आहे. बटू दीर्घिकेचं वस्तुमान भागिले तिच्या कक्षेच्या आतल्या आकाशगंगेच्या वस्तुमानाची तिप्पट. त्याचं घनमूळ काढा आणि दोघींमधल्या अंतरानं गुणा. उत्तर म्हणजे हद्दीची त्रिज्या.

समजा बटू दीर्घिका १ अब्ज सूर्यांची आहे आणि आकाशगंगेच्या केंद्रापासून ६५,००० प्रकाशवर्षांवर आली आहे. तेवढ्या अंतराच्या आत आकाशगंगेचं वस्तुमान ढोबळमानानं २०० अब्ज सूर्य धरू. भागाकार ६०० मध्ये १. त्याचं घनमूळ साधारण ०.१२. हद्द आली सुमारे ७,७०० प्रकाशवर्षं.

तीच दीर्घिका सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवर असताना आकाशगंगेचं आतलं वस्तुमान ८०० अब्ज धरलं, तर हद्द २४,००० प्रकाशवर्षांच्या घरात जाते. म्हणजे एकाच फेरीत हद्द तिपटीनं लहानमोठी होते.

आता घनमुळाची गंमत बघा. वस्तुमान निम्मं झालं तर हद्द फक्त २० टक्क्यांनी घटते. हद्द निम्मी व्हायला वस्तुमान आठव्या हिश्शावर यावं लागतं. म्हणून बाहेरच्या कडेचे गुच्छ लवकर सुटतात, आणि मध्याजवळच्यांना सोडवायचं तर दीर्घिकेचं जवळजवळ सगळंच गेलेलं असावं लागतं.

सह्यकडांच्या शंकेलाही हेच सूत्र लावा. दीर्घिकेच्या जागी लाख सूर्यांचा गुच्छ घाला. हद्द येते ३६० प्रकाशवर्षांच्या आसपास. गुच्छाचे बहुतेक तारे त्याच्या खूप आत असतात.

अजून एक. गुच्छ बटू दीर्घिकेत कुठल्या दिशेनं फिरतोय यालाही महत्त्व आहे. दीर्घिका ज्या दिशेनं आकाशगंगेभोवती फिरते त्याच दिशेनं गुच्छ फिरत असेल तर तो लवकर सुटतो, उलट दिशेचा जास्त टिकतो. तेव्हा वरची त्रिज्या म्हणजे ठाम भिंत मानू नका.

ढगाळ_हवामान

मास्तर, शाळेत असं शिकवलं असतं तर आम्ही वाणिज्य शाखेला गेलो नसतो.

शंकासुर

सगळं ठीक, पण पॅलोमार १२ धनु बटूचाच कशावरून? आकाशात दीडशेहून जास्त गोलाकार गुच्छ आहेत. एक लांबलचक ताऱ्यांचा पट्टा आखला की त्यावर दोन-चार गुच्छ योगायोगानंही पडणारच. आणि ताई म्हणतात गुच्छाचा वेग फारसा बदलत नाही. मग तो मूळ दीर्घिकेपासून इतका लांब कसा?

बे_एरियाकर

@शंकासुर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. चालत्या एसटीतून उडी मारणारा माणूस एसटीच्याच दिशेनं पुढे जातो, तसा सुटलेला गुच्छ जवळपास त्याच कक्षेत राहतो. 'जवळपास' हा शब्द महत्त्वाचा. आतल्या वाटेनं सुटलेल्याची कक्षा किंचित लहान, त्यामुळे फेरी लवकर संपते. बाहेरच्या वाटेनं सुटलेल्याची फेरी लांबते. दर फेरीला १० टक्क्यांचा फरक पडला तरी पाच फेऱ्यांत अर्ध्या फेरीचं अंतर होतं. धनु बटूची एक फेरी ढोबळमानानं अब्ज वर्षांच्या आसपासची. तिला वेळच वेळ मिळालाय. तिचे तारे आता अख्ख्या आकाशगंगेभोवती गुंडाळले गेलेत. २००३ मध्ये मॅजेव्स्की आणि सहकाऱ्यांनी अवरक्त सर्वेक्षणातल्या लाल राक्षसी ताऱ्यांवरून हा पट्टा आकाशभर दाखवला.

आता ओळख. नुसत्या जागेवर कुणीच निकाल देत नाही. जागा, अंतर, दृष्टिरेषेतला वेग आणि निजगती (आकाशातली आडवी सरक) असं सगळं जुळावं लागतं. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा दुसरा विदासंच एप्रिल २०१८ मध्ये आला आणि जवळजवळ सगळ्या गुच्छांच्या निजगती एकदम हाती आल्या. त्याआधी एकेका गुच्छासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागे.

दुसरा पुरावा रसायनाचा, आणि मला तो जास्त आवडतो. पॅलोमार १२ पॅलोमारच्या छायाचित्र-काचांवर हॅरिंग्टन आणि झ्विकी यांना सापडला. झ्विकीला ती मकर राशीतली बटू दीर्घिकाच वाटली होती. पुढे लक्षात आलं की गोलाकार गुच्छांच्या मानानं हा बराच तरुण आहे. २००४ मध्ये जूडिथ कोहेन यांनी केक दुर्बिणीनं त्याचे चार तारे तपासले. लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम, सिलिकॉन, कॅल्शियम कमी. आकाशगंगेच्या प्रभामंडलातल्या (तबकडीभोवतीच्या विरळ गोलातल्या) जुन्या गुच्छांत ही मूलद्रव्यं लोहाच्या मानानं जास्त असतात, आणि पॅलोमार १२ मधलं प्रमाण धनु बटूच्या ताऱ्यांशी जुळतं.

यामागचं कारण असं. मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्यं मोठे तारे काही दशलक्ष वर्षांतच फुटून देतात. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांतून येतो, आणि त्याला वेळ लागतो. बटू दीर्घिका तारे संथपणे घडवते. तिच्यात पुरेसं लोह जमेपर्यंत श्वेतबटूंचे स्फोट सुरू झालेले असतात आणि प्रमाण बिघडतं. गुच्छ कुठेही भटकला तरी ताऱ्यांमधलं हे प्रमाण बदलत नाही.

शंकासुर

रसायनाचा मुद्दा मान्य. योगायोगाचा आक्षेप पॅलोमार १२ पुरता मागे घेतो. बाकीच्यांचं काय? सगळ्या गुच्छांचा असा हिशेब कुणी मांडलाय का?

बे_एरियाकर

मांडलाय. मस्सारी, कॉपलमन आणि हेल्मी यांनी २०१९ मध्ये १५१ गुच्छांच्या कक्षा आणि वयं एकत्र पाहिली. सुमारे ४० टक्के इथेच जन्मलेले, साधारण ३५ टक्के ओळखीच्या गिळंकृत दीर्घिकांमधून आलेले. उरलेल्यांचं मूळ त्यांना ठामपणे सांगता आलं नाही. बाहेरच्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा गाया-एन्सेलाडसचा. तीही एक लहान दीर्घिकाच, पण खूप आधी पूर्ण विरघळलेली. तुमची शंका रास्त आहे ती इथे: धनु बटूचा प्रवाह (तिच्या ताऱ्यांचा पट्टा) अजून सलग दिसतो म्हणून तिचे गुच्छ ओळखणं तुलनेनं सोपं. एन्सेलाडसचे तारे इतके मिसळलेत की आकाशात पट्टा असा उरलाच नाही. तिथे कक्षेची ऊर्जा आणि कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) यांवरच भिस्त, आणि सीमारेषेवरचे गुच्छ आजचा एक अभ्यास इकडे टाकतो, उद्याचा तिकडे.

मध्यरात्र

अवांतर: यातलं आपल्याकडून काय दिसतं हेही सांगा की!

कोकणी_मेवा

@मध्यरात्र, मेसिये ५४ सोपा आहे. उत्तराषाढा नक्षत्रातल्या झीटा ताऱ्यापासून जेमतेम दोन अंशांवर. पुण्याहून दक्षिणेला ४१ अंशांपर्यंत वर चढतो. अडचण एकच, धनु रास मध्यरात्री माथ्यावर येते ती ऐन आषाढात. तेव्हा मे महिन्यातली पहाट नाहीतर ऑक्टोबरची संध्याकाळ गाठायची. आठ इंची दुर्बिणीतही त्याचे तारे सुटे दिसत नाहीत, मध्ये घट्ट चकाकणारा धुरकट ठिपका दिसतो. शेजारचा मेसिये २२ त्याच्याहून कितीतरी देखणा, म्हणून आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात या बिचाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. वास्तविक तो दुसऱ्या दीर्घिकेचा, हे सांगितलं की रांग लागते.

थंडीत एनजीसी २४१९ बघा. पुनर्वसूतल्या कॅस्टरच्या उत्तरेला सुमारे सात अंशांवर. पावणेतीन लाख प्रकाशवर्षांच्या आसपास लांब. याला 'आंतरदीर्घिकीय भटक्या' असं टोपणनाव पडलं होतं. आता त्याचा माग धनु बटूच्या प्रवाहातच लागतो, म्हणजे भटक्या म्हणावा तर तोही त्याच वाटेनं निघालेला. पार अंधारं आकाश हवं, नाहीतर पत्ता लागणार नाही.

सह्यकडा

आणि ओमेगा सेंटॉरी? एप्रिल-मेमध्ये वांगणीच्या बाजूला सगळे त्याच्याच मागे असतात.

कोकणी_मेवा

तो तर खास. कोकणातून दक्षिण क्षितिजावर २४-२५ अंशांपर्यंत येतो, समुद्राकडचं आकाश स्वच्छ असेल तर नुसत्या डोळ्यांनीही. पण तो 'सुटलेला' गुच्छ म्हणावा का, हे ताईंनी सांगावं.

शर्मिष्ठा

ओमेगा सेंटॉरी हा वेगळाच प्रकार. तो बाहेर पडला नाही, त्याच्याभोवतीची दीर्घिका निघून गेली.

गुच्छ बटू दीर्घिकेत फिरताना मागेपुढे दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक, हद्द आत येत असते. दोन, गुच्छ स्वतः मध्याकडे बुडत असतो. आजूबाजूच्या ताऱ्यांना आणि कृष्णद्रव्याला तो आपल्या ओढीनं मागे गोळा करतो आणि ती गोळाबेरीज त्याला मागे खेचते. याला गतिक घर्षण म्हणतात. याचं गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलं. गुच्छ जितका जड तितका तो लवकर बुडतो.

त्यामुळे कोण सुटणार आणि कोण राहणार, हे या शर्यतीवर ठरतं. हलके गुच्छ बाहेर रेंगाळतात, तोवर हद्द त्यांच्यापर्यंत पोहोचते. जड गुच्छ तळाशी जाऊन बसतात. मेसिये ५४ दहा लाख सूर्यांहून जड आहे आणि बरोबर मध्यावर आहे. तो तिथेच जन्मला की बाहेरून बुडत आला, यावर अजून वाद आहेत. व्हायटिंग १ त्याच्यासमोर अगदीच किरकोळ, आणि तो बाहेर आहे.

ओमेगा सेंटॉरीतल्या ताऱ्यांमध्ये लोहाचं प्रमाण एकसारखं नाही, वेगवेगळ्या पिढ्यांचे तारे आहेत. साध्या गुच्छात असं नसतं. कक्षाही आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेची. त्यामुळे तो एखाद्या जुन्या बटू दीर्घिकेचा उघडा पडलेला गाभा असावा, असं बहुतेकांचं मत. २०२४ मध्ये हबलच्या वीसेक वर्षांच्या छायाचित्रांवरून त्याच्या मध्यात अतिवेगवान तारे सापडले आणि तिथे किमान ८,२०० सूर्यांचं कृष्णविवर असल्याचा निष्कर्ष निघाला. गाभा असल्याच्या मताला त्यानं आणखी बळ मिळालं.

ढगाळ_हवामान

म्हणजे काही गुच्छांनी दीर्घिका सोडली आणि काहींना दीर्घिकेनं सोडलं. दोन्हीकडे शेवटी मालक आकाशगंगाच.

शंकासुर

शर्यतीचं ऐकलं. मग फोरनॅक्सचं काय? हार्लो शॅपलीनं १९३८ मध्ये शोधलेली ती बटू दीर्घिका. पाच गुच्छ तर जुन्यापासून माहीत आहेत, सहाव्याला अलीकडे दुजोरा मिळालाय. पहिले पाचही म्हातारे. इतक्या वर्षांत ते बुडायला तरी हवे होते किंवा सुटायला तरी. दोन्हीपैकी काहीच झालेलं नाही. तुमचा सिद्धांत इथे गोत्यात येतो.

निवृत्त_गणितमास्तर

चांगला मुद्दा काढलात. हा प्रश्न १९७० च्या दशकापासून गाजतोय. सुटले नाहीत याचं उत्तर सोपं. फोरनॅक्स आपल्यापासून साडेचार लाख प्रकाशवर्षांहून दूर आहे आणि धनु बटूसारखी खोल आत शिरत नाही. तिची हद्द ऐसपैस आहे. तिचा सर्वांत बाहेरचा गुच्छ आकाशात मध्यापासून सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर दिसतो, तो अजून सुरक्षित.

बुडाले का नाहीत, हे अवघड. चंद्रशेखरांचं साधं सूत्र लावलं तर आतले गुच्छ केव्हाच मध्यावर जाऊन एकत्र व्हायला हवेत. एक उत्तर असं की फोरनॅक्सच्या मध्यात कृष्णद्रव्य टोकदार साचलेलं नसून सपाट पसरलेलं आहे. सपाट गाभ्याच्या कडेशी आल्यावर गतिक घर्षण जवळजवळ थांबतं आणि गुच्छ तिथेच अडकून राहतो. दुसरं उत्तर, हे गुच्छ पूर्वी आजच्यापेक्षा बरेच बाहेर होते आणि अजून वाटेत आहेत. मला पहिलं जास्त पटतं, पण निकाल लागलेला नाही. सिद्धांत गोत्यात येतो म्हणण्यापेक्षा, गुच्छांच्या जागेवरून न दिसणाऱ्या द्रव्याची मांडणी ताडता येते असं मी म्हणेन. सपाट गाभा असेल तर अशी दीर्घिका भरती-ओहोटीला बळीही लवकर पडते, म्हणजे तिचे गुच्छ सुटणंही सोपं. एकाच कारणाचे हे दोन परिणाम.

बे_एरियाकर

मास्तरांना +१.

यात एक पायरी आणखी खाली जाता येतं. आकाशगंगेची उपदीर्घिका असलेल्या मोठ्या मॅजेलन मेघातला एनजीसी २००५ हा गुच्छ रसायनानं त्याच्या शेजारच्या गुच्छांशी जुळत नाही. २०२१ मध्ये मुच्चिआरेल्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो मेघानं गिळलेल्या आणखी लहान दीर्घिकेतून आला असावा. म्हणजे उपदीर्घिकेलाही उपदीर्घिका. (मोठा मेघ पुण्याहून क्षितिजावर दीड-दोन अंश येतो, तेव्हा कोकणी_मेवा यांनी उगाच दुर्बीण काढू नये.)

सह्यकडा

शेवटची शंका. सुटल्यावर गुच्छाचं आयुष्य वाढतं की घटतं?

शर्मिष्ठा

ज्याच्या-त्याच्या कक्षेवर आहे. बटू दीर्घिकेत असताना आकाशगंगेच्या तबकडीचा त्रास दूर असतो. बाहेर आल्यावर आकाशगंगेचं बल थेट अंगावर येतं. कक्षा तबकडीतून वारंवार जाणारी असेल तर दर वेळी धक्का बसतो आणि कडेचे तारे गळतात. पॅलोमार ५ चं असंच चाललंय. २००१ मध्ये स्लोन सर्वेक्षणात त्याच्या दोन्ही बाजूंना ताऱ्यांच्या शेपट्या सापडल्या. तो स्वतःच विरघळतोय, बटू दीर्घिकेसारखाच, फक्त लहान प्रमाणावर. घट्ट, जड आणि दूरच्या कक्षेतला गुच्छ मात्र अब्जावधी वर्षं निवांत. एनजीसी २४१९ ला तशी काही भीती नाही.

मध्यरात्र

मग टर्झान ७, टर्झान ८ आणि आर्प २ कधी सुटणार?

निवृत्त_गणितमास्तर

वासिलिएव आणि बेलोकुरोव यांनी २०२० मध्ये गायाच्या मोजमापांवरून धनु बटूचं गणित मांडलं. तिचं आताचं वस्तुमान जेमतेम ४० कोटी सूर्य, तारे समतोलात नाहीत, आणि येत्या अब्जभर वर्षांत ती पूर्ण विरघळेल असा त्यांचा अंदाज. तेव्हा हे तिघेही त्याच सुमारास मोकळे. मेसिये ५४ ला मात्र कुठे जायचंच नाही, तो त्याच कक्षेत एकटा फिरत राहील.